कोतवालाच्या नावावरचा डाग आणि पन्नास वर्षांपूर्वीचं पान: तहसीलच्या अभिलेख सेवेचं परीक्षण

फेरफाराच्या, म्हणजे जमिनीवर कुणाचं नाव चढलं-उतरलं त्या नोंदींच्या, वहीत जुन्या तारखेचं एक पान घुसतं, सरकारी जमीन कुणाच्या तरी खासगी नावावर चढते, दहा-पंधरा वर्षांनी चौकशी लागते आणि बोट जातं कोतवालाकडे. वही तहसीलला नेणारा-आणणारा तोच ना! सही करणारा अधिकारी तोवर बदलून गेलेला असतो. कोतवाल मात्र गावातच राहतो. कागदावर त्याला आता महसूल सेवक म्हणतात, पण ठपका बसतो तो कोतवालावरच, आणि पोरीची सोयरीक जुळवायला पाहुणे आले की तीच गोष्ट पुन्हा निघते. असा कोतवाल आपला मित्र असेल आणि त्याचं नाव मोकळं करायचं तर पन्नास वर्षं मागं जाऊन त्या दिवशी त्या पानावर काय होतं ते बघून यावं लागतं. ते बघता येतं. तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष, शासनाचं ‘आपले अभिलेख’ हे संकेतस्थळ आणि माहिती अधिकारातलं मूळ कागदांचं अवलोकन, या तीन वाटा मिळून ही सेवा होते. विदर्भातल्या खेड्यातून ती वापरताना काय हाती लागतं, काय अडतं आणि कोणत्या कागदावर लबाडी उघडी पडते, ते इथं नीट मांडलं आहे.

गुण आधीच देऊन टाकू. अवलोकनाला पाचपैकी पाच, अभिलेख कक्षाला चार, संकेतस्थळाला तीन. संकेतस्थळाचे दोन गुण का गेले? ते पानाचं चित्र दाखवतं, आणि घुसवलेलं पानही चित्रात बाकीच्या पानांसारखंच दिसतं. पिनेचा गंज, कसरीची भोकं, शिवणीचा दोरा या गोष्टी मूळ वही समोर असल्याशिवाय कळत नाहीत. कोतवालाची सुटका बहुतेक वेळा त्यांच्यावरच अवलंबून असते.

पण वही उघडण्याआधी काळ ओळखायला शिकलं पाहिजे. विदर्भाला दोन महसुली इतिहास आहेत. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर हा मालगुजारीचा मुलूख, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरायचा, गोंदिया आणि गडचिरोली त्यातच आले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम हा वऱ्हाड, तिथं रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा. पूर्वेकडे जुना कागद मागायचा तर बंदोबस्त मिसल (सारा ठरवताना झालेली जुनी नोंद) आणि १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी ही नावं घ्यायची. ‘जुना सातबारा द्या’ म्हटलं तर खिडकीवरचा माणूस खुशाल सांगतो की त्या सालचा सातबाराच नाही, आणि ते खरंही असतं. मिसलीत सीर, खुदकाश्त, मौरूसी असे शब्द येतील. जमीन मालगुजाराच्या घरची होती, तो स्वतः वाहत होता की कुळाकडे पक्क्या हक्कानं होती, हे त्या शब्दांवरून कळतं. क्षेत्र एकर आणि डिसमिलमध्ये असतं. शंभर डिसमिलचा एकर, २.४७ एकरांचा हेक्टर, शंभर आरचा हेक्टर. हा हिशेब कागदाच्या कोपऱ्यात करून ठेवा, पुढं पन्नासदा लागतो.

आता तारखा. बनावट कागद बहुतेक वेळा इथंच मरतो, कारण खोटी नोंद करणारा तारीख जुनी टाकतो, पण भाषा त्याच्या स्वतःच्या काळातली वापरतो. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. त्यामुळे १९७६ च्या कागदावर ‘जिल्हा गडचिरोली’ लिहिलं असेल तर तो कागद १९७६ चा असूच शकत नाही. वाशिम १ जुलै १९९८ ला अकोल्यातून निघालं, गोंदिया १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. आणे जाऊन दशमान पैसे आले १ एप्रिल १९५७ ला, म्हणून १९५५ च्या लगान पावतीवर ‘रुपये ३.४०’ दिसलं की थांबायचं. हेक्टर-आरमध्ये लिहिलेला १९५० च्या आसपासचा पट्टाही तसाच. सगळ्यात बळकट खूण कायद्याची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा, आणि तो लागू झाला १५ ऑगस्ट १९६७ ला. त्याआधी विदर्भात १९५४ ची मध्य प्रदेश जमीन महसूल संहिता चालत होती. १९६४ ची तारीख असलेल्या नोंदीत ‘कलम १५० (२) प्रमाणे नोटीस बजावली’ असं वाक्य असेल, तर ते वाक्य लिहिणाऱ्याला तीन वर्षं पुढचा कायदा ठाऊक होता असं म्हणावं लागेल. चौकशी अधिकाऱ्यासमोर हे एवढं एक वाक्य ठेवलं तरी सुनावणीची दिशा बदलते.

पूर्व विदर्भात आणखी एक जुना प्रकार चालतो. मालगुजारी ३१ मार्च १९५१ ला गेली आणि पडीत, तलाव, बोड्या, झुडपी जंगल सरकारजमा झालं. म्हणून ‘मालगुजारानं १९४८ साली लेखी पट्टा दिला होता’ असा कागद पुढं करून सरकारी जमिनीवर हक्क सांगितला जातो. असा पट्टा समोर आला की सरळ १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी मागवायची. पट्टा खरा असेल तर सहा-सात वर्षांनी झालेल्या त्या नोंदीत त्या माणसाचं नाव कुठं तरी दिसायला हवं. तिथं ‘शासन’ किंवा निस्तार (गावाच्या सामाईक वापराची जमीन) लिहिलं असेल, तर पट्टा केव्हा लिहिला गेला हा प्रश्न उभा राहतो.

मुख्य काम मात्र फेरफारावरचं. एकच फेरफार घेऊन बसू नका. एका नोंदीची सावली निदान पाच ठिकाणी पडते, आणि पान घुसवणाऱ्याला पाचही ठिकाणी हात घालता येत नाही. सुरुवात गाव नमुना ६ पासून, ही फेरफाराची वही. हरकत आली असेल तर ६-अ मध्ये वादाची नोंद असते. वारसाचा फेरफार असेल तर ६-क मध्ये आधी वारसाची नोंद झालेली असते. जमीन वर्ग-२ ची, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी, असेल तर १-क मध्ये तिची नोंद असते आणि ती वर्ग-१ करायला सक्षम अधिकाऱ्याचा आदेश लागतो. त्या आदेशाला जावक क्रमांक असतो, नजराणा (त्यासाठी सरकारला द्यायची रक्कम) भरला असेल तर त्याचं चलन असतं. पुढच्या सालापासून ८-अ मध्ये खातं बदलतं आणि ८-ब मध्ये नव्या माणसाच्या नावावर मागणी निघते. १९७१ च्या फेरफारानं नाव चढलं म्हणता, आणि १९७२-७३ पासून १९८५-८६ पर्यंतच्या ८-ब मध्ये त्या माणसाकडून एक रुपयाची मागणी नाही, सातबाराच्या पेरेपत्रकात सलग ‘पडीत’ आहे, मग तो फेरफार त्या वेळी वहीत होता कशावरून? इथं महसुली वर्ष लक्षात ठेवायचं. ते १ ऑगस्टला सुरू होतं आणि ३१ जुलैला संपतं. मार्च १९७२ ची नोंद १९७१-७२ सालातच मोडते. हा एक वर्षाचा घोटाळा केल्यामुळे चांगली तक्रार पहिल्याच सुनावणीत लंगडी पडते.

नोंद प्रमाणित करणारा मंडळ अधिकारी त्या दिवशी कुठं होता, हे गाव नमुना २१ सांगतो. ती त्याची दैनंदिनी. प्रमाणीकरणाच्या तारखेला तो दुसऱ्याच मौजात पीक पाहणीला गेल्याची नोंद असेल तर हा कागद सोन्याचा. तारखेचा वारही काढून बघा. उदाहरणच घ्यायचं तर १५ ऑगस्ट १९७१ ला रविवारही होता आणि स्वातंत्र्यदिनही. त्या तारखेचं प्रमाणीकरण कुणी दाखवलं तर त्याला कारण विचारता येतं. नोटिशीची तारीखही तपासा. हरकतीला पंधरा दिवस द्यावे लागतात, म्हणून नोंद आणि प्रमाणीकरण यांच्यात चारच दिवसांचं अंतर असेल तर नोंद घाईत झाली किंवा नंतर जुळवली, दोन्हीपैकी एक खरं.

विदर्भात कोतवाल बुक आहे, आणि कोतवालाचं नाव मोकळं करायला त्याच्याच आजोबाच्या काळातली ही वही उपयोगी पडते. गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी तिच्यात असत. नाव, बापाचं नाव, जात, तारीख. लोक ती जातपडताळणीसाठी शोधतात, पण फेरफाराच्या लबाडीवर तिच्याइतका सरळ पुरावा दुसरा नाही. समजा, जून १९६९ च्या नोंदीत लिहून देणाऱ्याचा अंगठा आहे, आणि कोतवाल बुकात तोच माणूस १९६६ च्या कॉलऱ्यात वारल्याची नोंद आहे. मग अंगठा कुणाचा? फक्त एक काळजी घ्या. एका गावात एकाच नावाची तीन-चार माणसं सहज सापडतात, तेव्हा बापाचं नाव आणि वय जुळल्याशिवाय हा मुद्दा लेखी द्यायचा नाही. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आल्यानंतरचे मृत्यू शोधायचे तर ग्रामपंचायतीची वही बघावी लागते. जुने बस्ते मात्र तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात.

आता प्रत्यक्ष वही. अवलोकनाला बसलात की आधी पहिलं पान उघडा. ‘या वहीत एकूण इतकी पानं आहेत’ असा दाखला आणि त्याखाली सही असते. मग पानं मोजा. नंतर शिवण बघा. जुन्या वह्या दोऱ्यानं शिवलेल्या असतात, आणि एक पूर्ण कागद मधोमध दुमडून त्याची दोन पानं होतात. म्हणजे शिवणीच्या एका बाजूला जे पान दिसतं त्याचा जोडीदार दुसऱ्या बाजूला असायलाच हवा. जोडीदार नसलेलं पान, डिंकानं मागं चिकटवलेली कड, दोऱ्याचं छिद्र पण छिद्रात दोरा नाही, हे तीन प्रकार डोळ्यांनीच दिसतात. कसर कागद खाते तेव्हा तिचं भोक एकामागून एक पानातून आरपार जातं आणि थोडं थोडं सरकत जातं. मागच्या-पुढच्या दहा पानांत भोक आणि मधल्या एका पानाची तीच जागा धडधाकट, तर ते पान त्या दहांच्या शेजारी एवढी वर्षं नव्हतं. पिनेचा गंजही तसाच. टाचणी लावलेल्या कागदांत तांबूस डाग वरपासून खालपर्यंत उतरतो, मध्ये खंड पडत नाही. पावसाळ्यात छत गळून ओल उतरलेली असेल तर ओलीची कड, म्हणजे तपकिरी रेघ, सगळ्या पानांवर एकाच आकाराची येते. ती रेघ एका पानावर नसेल तर लिहून घ्या.

मग आकडे. फेरफार क्रमांक सलग चालतात. ११७ नंतर ११७-अ आला आणि पुन्हा ११८ आला, असं दिसलं तर त्याच वहीत इतर कुठं ‘अ’ लावलेले क्रमांक आहेत का बघा. नसतील तर तो एकटा ‘अ’ संशयाचा. क्रमांकाचा अंक ओढून बदलला आहे का ते पान तिरकं धरून, खिडकीच्या उजेडात बघितलं की कळतं. खोडलेल्या जागी कागदाचा गुळगुळीतपणा गेलेला असतो आणि तिथं शाई फुटते. जागेचाही अंदाज घ्या. खऱ्या नोंदी ऐसपैस लिहिलेल्या असतात. नंतर घातलेली नोंद दोन ओळींच्या फटीत दाबून बसवलेली असते, शेवटचे शब्द समासात चढतात. हा सगळा तपशील कागदावर उतरवायचा, अर्थ लावायचा नाही. ‘पान क्र. अमुकला शिवणीत जोडपान नाही’ एवढंच लिहा. ‘हे पान बनावट आहे’ हे हस्ताक्षर तज्ज्ञ आणि चौकशी अधिकारी म्हणतील.

या सगळ्यापेक्षा कामाची एक युक्ती आहे, आणि ती अभिलेख कक्षाच्या सेवेतच दडलेली आहे. नोंद नसलेली शेवटची नकल आणि नोंद असलेली पहिली नकल शोधायची. गावात कुणी ना कुणी पीककर्जासाठी, दिवाणी दाव्यासाठी, वाटणीसाठी त्याच वहीच्या, त्याच खात्याच्या नकला घेतलेल्या असतात. बँकेच्या जुन्या कर्जप्रकरणात, कोर्टाच्या फायलीत, घरच्या लोखंडी पेटीत त्या सापडतात. नकल अर्जांची नोंदवही बघायला मागितली की कुणी कोणत्या साली काय नेलं ते कळतं. समजा १९९८ च्या नकलेत ती नोंद नाही आणि २००६ च्या नकलेत आहे. मग पान या आठ वर्षांत घुसलं. आता या आठ वर्षांत वही कुणाच्या ताब्यात होती? पटवारी बदलला की कार्यभाराची यादी होते, तिच्यात प्रत्येक नमुन्याची वही पानांच्या संख्येसह लिहिलेली असते. वही संगणकीकरणासाठी किंवा स्कॅनिंगसाठी तहसीलला गेली असेल तर जमा केल्याची पोच असते. ताबा कायद्यानं पटवाऱ्याचा, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचा. कोतवाल वाहून नेतो, ताबा घेत नाही. त्यात कोतवालाची नेमणूकच २००८ ची असेल तर विषय तिथंच संपतो, आणि त्या आठ वर्षांत कार्यभार यादीवर सह्या करणारी दोन-तीन नावं आपोआप पुढं येतात. भ्रष्ट अधिकारी सापडतो तो असा, तारखांच्या कात्रीत.

अभिलेख कक्षाचा अनुभव कसा आहे? अर्जावर मौजा, पटवारी हलका नंबर (प.ह.नं.), खसरा किंवा सर्वे नंबर, साल आणि नमुन्याचं नाव, एवढ्या पाच गोष्टी बिनचूक असतील तर बस्ता काढायला फार वेळ लागत नाही. यातली एक जरी चुकली तरी ‘भाऊ, रेकॉर्ड सापडून नाही राहिलं’ हे उत्तर ठरलेलं. जुन्या खसऱ्याचा नवा गट किंवा भूमापन क्रमांक कोणता झाला याचं पत्रक आधी काढा. लोक नव्या नंबरानं जुनी वही शोधायला लावतात आणि मग कार्यालयाला शिव्या देतात. नकलेवर ‘अस्सल बरहुकूम नक्कल’, सही, शिक्का आणि तारीख बघूनच खिडकी सोडा. पैसे दिले तर पावती घ्या. मार्चअखेरची वसुली, जुलैअखेरचं महसुली वर्ष, अवकाळीनंतरचे पंचनामे या दिवसांत जाऊ नका, माणूस जागेवर नसतो. आठवडी बाजाराच्या दिवशी रांग मोठी असते, पण बसच्या फेऱ्याही त्याच दिवशी सोयीच्या पडतात. तेव्हा सकाळी कार्यालय उघडताच पोचलेलं बरं. या सेवेचा एक गुण कापला तो सूचीसाठी. बस्त्यांवर सालं लिहिलेली असतात, आत काय आहे याची यादी बऱ्याच ठिकाणी पुसट किंवा अपुरी असते, आणि सगळा भार जुन्या माहितगार कारकुनाच्या स्मरणावर पडतो. तो निवृत्त झाला की शोध दुप्पट लांबतो.

‘रेकॉर्ड नष्ट केलं’ हे उत्तर मिळालं तर तिथं थांबू नका. अभिलेखांचे वर्ग ठरलेले आहेत. अ वर्ग कायम ठेवायचा, ब तीस वर्षं, क दहा, क-१ पाच, ड एक वर्ष. नष्ट करताना यादी करावी लागते, त्या यादीची प्रत मागा. कायम ठेवायचा अभिलेख नष्ट झाला असं कुणी लेखी देत असेल तर ते उत्तर स्वतःच पुरावा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ नुसार त्याची जबाबदारी ठरते. जावक नोंदवह्या मात्र खरोखर नष्ट झालेल्या असू शकतात, त्यांच्यासाठी आदेश ज्या कार्यालयाला पाठवला तिथली आवक नोंदवही बघायची.

संकेतस्थळाबद्दल थोडक्यात. मोबाईल क्रमांक देऊन नोंदणी, मग कार्यालय, जिल्हा, तालुका, गाव, अभिलेखाचा प्रकार, नंबर असं निवडत जायचं, मिळालेला कागद यादीत घालून मागणी नोंदवायची. अकोला आणि अमरावती हे सुरुवातीच्या जिल्ह्यांतले. शोध लागला नाही तर जुना नंबर, नवा नंबर, ४५, ४५/१, ४५/१-अ असे सगळे प्रकार टाकून बघा, कारण सूची टंकताना पोटहिस्से वेगवेगळ्या तऱ्हेनं चढले आहेत. फेरफाराच्या वहीची सलग पानं एकामागून एक उघडून बघायला हे उत्तम साधन आहे, घरबसल्या, कुणाला न कळता. अवलोकनाआधीची तयारी इथंच करावी. आजचा डिजिटल सहीचा सातबारा शासनाच्या महाभूमी या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, फेरफारही तितक्यातच. त्यावरच्या जुन्या फेरफारांच्या क्रमांकांची यादी हा तुमच्या शोधाचा नकाशा.

संगणकीकरणाच्या काळातला एक वेगळा सापळा आहे, जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ चा आदेश. हे कलम लेखनप्रमाद दुरुस्त करायला आहे. नाव ‘रामा’चं ‘रमा’ झालं, क्षेत्राचा एक अंक चुकला, एवढ्यापुरतं. त्या आदेशानं वर्ग-२ ची जमीन वर्ग-१ झाली असेल किंवा मालकाचंच नाव बदललं असेल, तर ती दुरुस्ती लेखनप्रमादाची नव्हेच. सातबाऱ्यावर अशा फेरफाराचा क्रमांक दिसला की त्या आदेशाची पूर्ण संचिका मागवा. अर्ज कुणाचा, नोटीस कुणाला, सुनावणी केव्हा. संचिकेत नोटिशीची पोच नसेल तर बाकी काही शोधायची गरज उरत नाही.

अवलोकनाचा अर्ज असा करावा. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, राज्याच्या नियमाप्रमाणे एक विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. विषय लिहा, ‘मौजा अमुक, प.ह.नं. तमुक येथील गाव नमुना ६ च्या संपूर्ण नोंदवहीचं अवलोकन व निवडक पानांच्या साक्षांकित प्रती’. संशयाचा फेरफार क्रमांक अर्जात लिहू नका. तो लिहिला की अवलोकनाच्या दिवशी नेमकी तीच वही ‘बांधणीला गेली’ असं ऐकायला मिळण्याची भीती असते. प्रतीला २ रुपये पान. तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर २० रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील, त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर किंवा अमरावती खंडपीठाकडे दुसरं. ‘त्रयस्थाची माहिती’ किंवा ‘चौकशी चालू आहे’ म्हणून नकार आला तर कलम ८(३) दाखवा. वीस वर्षांपेक्षा जुन्या घटनेच्या माहितीला त्या कारणांनी नाही म्हणता येत नाही. बसताना सोबत एक माणूस ठेवा. एक जण पानं बघेल, दुसरा लिहून घेईल. काय बघितलं याची टिपणं त्याच दिवशी आवक शाखेत देऊन पोच घ्या, म्हणजे उद्या वहीत काही बदललं तरी आजची स्थिती नोंदलेली राहते.

सगळे कागद जमले की तक्रार कुठं नेता यावर मित्राचं नाव किती लवकर मोकळं होतं ते ठरतं. फेरफारच रद्द करायचा तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २४७ चं अपील. मुदत साठ दिवस, म्हणून विलंब माफीचा अर्ज आणि नकल हाती आल्याच्या तारखेचा दाखला सोबत लागतो. कोतवालाच्या चौकशीत तारखांचा तक्ता, कार्यभार याद्या आणि दोन नकला एकत्र जोडून द्या. कुणी आज पैसे मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक. पैसे देण्याच्या आधी फोन करायचा, कारण सापळा लावायचा तर आधी मागणीची पडताळणी होते. जुन्या पानाची लबाडी त्या विभागाच्या सापळ्यात बसत नाही, तो बनावट दस्ताचा विषय, पोलिसांचा. १ जुलै २०२४ च्या आधीच्या कृत्याला भारतीय दंड संहिताच लागते. त्यातलं कलम ४६६ सार्वजनिक नोंदवहीच्या बनावटीचं आणि १६७ लोकसेवकानं जाणूनबुजून चुकीचा दस्त तयार केल्याचं. अर्जात ही कलमं लिहायची, पण माणसाचं नाव एकदम ठोकून द्यायचं नाही. ‘या काळात नोंदवही ज्यांच्या ताब्यात होती ते’ असं लिहून कार्यभार यादी जोडा. नाव यादीतच आहे, आणि यादीवर त्यांची स्वतःची सही आहे.

अपिलात फेरफार रद्द झाला तरी जुनं पान वहीतून काढलं जात नाही. आदेशाप्रमाणे नवा फेरफार घेतला जातो आणि तोच सातबाऱ्यावर येतो. त्या नव्या फेरफाराची साक्षांकित नकल, चौकशीतून मुक्त केल्याच्या आदेशाची प्रत आणि तो आदेश कोतवालाच्या वैयक्तिक नस्तीत लागल्याची पोच, हे तीन कागद मित्राच्या हातात पडले की काम पूर्ण. तिसऱ्या कागदाचा पाठपुरावा करायचा राहून जातो, आणि पुढं मानधनाचा किंवा सेवेचा प्रश्न आला की जुनी चौकशी पुन्हा नस्तीतून वर येते. तो मागूनच घ्या.